दगडापाशी वाकलेली रेघ

"रेघ सरळ मार बोलतात, आणि दगड आला की वाकडी मार बोलतात. मी शिपाई हाय की नाग?"

केरू हे कुणाला ऐकवत नव्हता. शाळेच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उकिडवा बसून तो पिवळ्या ऑइलपेंटच्या डब्यात काडी फिरवत होता आणि आपल्याच मिशांशी बोलत होता. पण खिडकीच्या आत मालन तांदूळ निवडत होती, आणि तिच्या सुपापासून केरूच्या मिशा दीड हातावर होत्या.

"नाग बरा," ती आतून म्हणाली. "त्याला आठ महिन्यांनी रिटायर व्हायचं नसतं."

"ऐकतेस होय चोरून?"

"चोरून कशाला, केरूदादा? तूच खिडकीत तोंड घालून बोलतोस."

केरू डबा उचलून कातळावरून पुढे गेला. मालनला हसू आलं. त्या शुक्रवारी सकाळचे साडेनऊ वाजले होते, आणि पुढचे कित्येक दिवस ती हसणार नव्हती. पण हे अगोदर कुणाला कळतं?

ती पिवळी रेघ म्हणजे शाळेची अब्रू होती. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत दारू, तंबाखू, विडी, गुटखा काहीही येता कामा नये असा नियम. आणि नियम कुठून सुरू होतो ते गुराढोरांनाही दिसावं म्हणून सड्याच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाटीच्या, काळ्या कातळावर ओढलेली रेघ. शाळा पालीहून आत आठ किलोमीटर, वर उघड्या सड्यावर. आसपास दुकान नाही, टपरी नाही. रेघेच्या आत जे सुकं गवत तेच बाहेर. अडचण एवढीच होती की शाळेपासून साठ पावलांवर राखणदाराचा दगड होता.

राखणदार म्हणजे त्या सड्याचा राखण करणारा. शाळा नव्हती तेव्हाही तो होता, आणि शाळा बांधताना त्याची परवानगी मागितली होती, असं जुनी माणसं सांगतात. दर वर्षी गॅदरिंगच्या आधी त्याला राखण द्यायची: एक नारळ, विडा, विडीचं बंडल आणि दारूची बाटली. स्टेज मोडू नये, लाइट जाऊ नये, पोरं सुखरूप घरी जावीत. एका साली राखण द्यायची राहिली, तर राजाचं काम करणारा मुलगा दुसऱ्या अंकात सिंहासनासकट खाली आला. तेव्हापासून विज्ञानाचे सरसुद्धा राखणीच्या दिवशी रजा टाकत नाहीत.

रेघ आखायची वेळ आली तेव्हा हा दगड आत येत होता. म्हणजे राखणदाराला बाटली द्यायची तर ती शंभर यार्डांच्या आत. संस्थेचे चेअरमन दीपकशेठ, लांज्याला काजूचा कारखाना चालवणारे, अडलेल्या गाडीला वाट काढण्यात पटाईत. ते म्हणाले, "त्यात काय? रेघ तिथं जरा आत घ्या." तेव्हापासून रेघ सरळ येते, दगडापाशी कुणी चिमटा घेतल्यासारखी आत दबते आणि पुन्हा सरळ चालू लागते. पाहुण्यांनी विचारलं तर केरूने सांगायचं, कातळ उंचसखल आहे.

यंदा नियमही नव्याने लिहिले होते. राजश्री मॅडम मुख्याध्यापिका होऊन दोन वर्षं झाली होती, आणि आपल्या शाळेला 'व्यसनमुक्त शाळा' अशी पाटी मिळावी हा त्यांचा ध्यास होता. व्हरांड्यात फळ्यावर बारा नियम त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले होते. त्यातला सातवा असा: 'विद्यार्थ्याजवळ मद्य, तंबाखू किंवा कोणताही अमली पदार्थ आढळल्यास, कारण काहीही असो, दाखला हातात देण्यात येईल.'

मालनने तो फळा स्वतः वाचला होता, आणि तिला वाचायला शिकवलं होतं मॅडमनीच. अकरा वर्षांपूर्वी मॅडम शाळेत नव्या शिक्षिका आणि मालन पोषण आहाराची नवी मदतनीस. खिचडीला दम येईपर्यंत मॅडम कोळशाने भिंतीवर अक्षरं काढून द्यायच्या आणि मालन ती गिरवायची. तिनेही हात आखडता ठेवला नव्हता. मॅडमना टायफॉइड झाला तेव्हा एकवीस दिवस पेज तिची. बाळंतपणात अंग रगडलं ते तिने. मॅडम तिला 'मालनताई' म्हणत आणि डबा खायला ऑफिस सोडून तिच्या चुलीपाशी येऊन बसत. मालनला वाटायचं, आपल्याला बहीण नव्हती, ती पगारपत्रकावर मिळाली.

फळा वाचताना ती 'असो'पाशी अडखळली होती. "मॅडम, कारण काही का असेना, बघायचंच नाय?"

"कारणं ऐकत बसलं की नियम राहत नाही, मालनताई."

तिला ते पटलंही होतं. वाडीत दारूला कारण नाही असा दिवस तिने अजून पाहिला नव्हता.

तर त्या शुक्रवारी पाटी देणारं पथक वरून यायचं होतं, आणि शनिवारी राखण. दोन्ही लागोपाठ येऊ नयेत एवढं दीपकशेठना सुचलं नाही. सकाळी लांज्याहून येताना त्यांनी बाटली आणली, पेपरात गुंडाळलेली, मानेला लाल दोरा बांधलेली. दोरा बांधला की ती बाटली देवाची. मग ती दगडापाशी पोचेपर्यंत भुईला टेकवायची नाही, हा गावचा रिवाज. टेकली तर राखणदार घेत नाही, दुसरी आणावी लागते. म्हणून दर वर्षी ती मॅडमच्या कपाटात, आतल्या खुंटीला टांगलेली असायची. पण आज पथक कपाट उघडणार होतं.

मॅडम पदराआड पिशवी धरून स्वयंपाकघरात आल्या. "मालनताई, उद्यापर्यंत एवढं तुमच्याकडे टांगा. इथे कोण बघतंय?"

मालनने पळीच्या खिळ्याला पिशवी टांगली. काहीच विचारलं नाही. बहिणीला काय विचारायचं?

दहा वाजता केरू पिवळे हात घेऊन धावत आला. "गो मालन, जीप आली. आणि पयलं हितंच येणारायत. डाळ-तांदूळ बघणारायत."

मालनने खिळ्याकडे पाहिलं. स्वयंपाकघर केवढं ते? तांदळाच्या गोणी भुईवर, डबे भुईवर, टोपं भुईवर. कुठे लपवायची तर बाटली टेकणार. समोर दहावीचा वर्ग रिकामा होता, मुलं परिपाठाला मैदानात उभी होती. मॅडमनी यंदाच खिडकीखाली दप्तरांसाठी हूक लावून घेतले होते. तिसऱ्या हुकाला तेजस्वीचं दप्तर होतं, तिच्या स्वतःच्या मुलीचं. मालन गेली, चेन उघडली, बाटली भूगोलाच्या वहीमागे सरकवली आणि परत आली. दप्तर हुकाला, बाटली दप्तरात, भुईला कुठे काही लागलं नाही. आपण फार हुशारी केली असं तिला वाटलं.

त्या दिवशी दप्तरंही तपासणार आहेत, हे फक्त मॅडमना माहीत होतं. गुप्त ठेवायची सूचना होती, आणि त्यांनी ती पाळली.

पुढचं सगळं मालनने व्हरांड्यातून पाहिलं, हातात डाळीचं माप. पथकातल्या चष्मेवाल्या बाईंनी एकेक दप्तर उघडत तिसऱ्या हुकाशी येऊन हात आत घातला. पेपर सुटला. वर्गात अडतीस मुलं होती, आणि अडतीसही मुलांना लाल दोरा दिसला. सड्यावरच्या कुठल्या पोराला तो दोरा माहीत नाही? सातवीतलं पोर सांगेल, ही उद्याची राखण आहे. कुणी काही बोललं नाही.

"ही कुणाची?" बाईंनी विचारलं.

तेजस्वीने बाटलीकडे पाहिलं. मग मान वळवून खिडकीतून थेट आईकडे पाहिलं. तिला कळलं होतं. बाटली भुईला न टेकवता हुकावरच्या दप्तरातच का ठेवली, हे त्या गावात वाढलेल्या मुलीला सांगावं लागत नाही.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

मालन पुढे निघाली होती. मॅडमनी पाठीमागे हात करून तिला थांबवलं. मग त्या वर्गात गेल्या, "बघू द्या," म्हणून बाटली हातात घेतली. पथकातल्यांची डोकी कागदावर वाकली होती. मॅडमच्या बोटांनी बाटलीच्या मानेवरून लाल दोरा हलकेच खाली ओढला, गुंडाळला आणि पर्सच्या बाजूच्या कप्प्यात ठेवला. मालनने ते पाहिलं. त्या वेळी तिला वाटलं, वा, मॅडमनी देवाचा दोरा पंचनाम्यात जाऊ दिला नाही.

"आत्ता काही बोलू नका," बाहेर येऊन मॅडम कानाशी म्हणाल्या. "जीप गेली की मी मिटवते."

जीप गेली. शनिवार गेला. राखण बुधवारवर गेली, कारण पहिली बाटली पुराव्यात जमा झाली होती आणि दुसरी आणायला हवी होती. रविवारी तेजस्वी आईच्या पाठीला पाठ लावून अभ्यास करत होती. दहावीची परीक्षा अडीच महिन्यांवर आली होती. तिला पुढे देवरूखच्या कॉलेजात सायन्सला जायचं होतं, आणि चाचणीत ती वर्गात पहिली होती. दाखला आत्ता हातात आला तर हे वर्ष गेलंच. शिवाय दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात जे लिहिलं जाईल ते जन्मभर मागे येणार.

"आये," पाठमोऱ्या तेजस्वीने विचारलं, "तू सांगितलंस काय कुणाला?"

"मॅडम सांगणारायत."

"मॅडम सांगणार. दीपकशेठ सांगणार. केरूमामा सांगणार." तिने पान उलटलं. "आणि तू?"

मालनने भाकरी उलटली. ती एका बाजूने करपली होती.

तिने नवऱ्याला फोन केला. सखाराम मुंबईत एका सोसायटीत लिफ्टवर होता. त्याने सगळं ऐकलं, मध्ये दोनदा "चौथा मजला" म्हणाला, आणि मग म्हणाला, "तू मधी पडू नको. दीपकशेठच्या मागं गावचं मुंबई मंडळ हाय. तुझं काम पण जायचं."

"पोरीचं वरीस जातंय."

"मॅडम हायत ना? त्या तुझ्या जवळच्या." मग फोन बंद झाला, पुढचा मजला आला असावा.

सोमवारी दुपारी संस्थेची सभा भरली. मालन चहा घेऊन आत गेली, आणि आत गेल्यावर कप मांडायला तिने जेवढा वेळ लागतो त्याच्या चौपट लावला.

"पथकाचा अहवाल गेलाय वर," दीपकशेठ सांगत होते. "पाटी यंदा थांबली, ती थांबली. पण आपण कारवाई केली असं लेखी दाखवलं तर पुढच्या वर्षी विचार करू म्हणालेत. नियम क्रमांक सात."

"आमच्याच मुलीसारखी आहे ती," मॅडम म्हणाल्या. त्या कपाकडे बघत होत्या. "पण नियम मी लिहिलाय. मीच अपवाद केला तर उद्या कोण ऐकेल?"

"मी तिला सोडणार नाही वाऱ्यावर. पुढच्या वर्षी बाहेरून फॉर्म भरू, मी बघतो सगळं." दीपकशेठनी चहाचा घोट घेतला. "मालनबाय, साखर छान पडलीय आज."

मालनला कळेना की ह्याला काय म्हणावं. ज्या माणसाने बाटली आणली तो तिच्या मुलीला वाऱ्यावर सोडणार नव्हता. साखर तर तिने घातलीच नव्हती.

सभा संपल्यावर ती ऑफिसात थांबली. मॅडम दाखल्याचं पुस्तक काढत होत्या.

"मॅडम, तुमी सांगणार होता."

"मालनताई, बसा."

"बसायचं नाय मना. तुमी सांगणार होता, बाटली तुमी माझ्याकडं दिलीत ती."

मॅडमनी दार लोटलं. त्यांचा आवाज खाली आला, चुलीपाशी गप्पा मारताना असायचा तसा, आणि त्यामुळेच मालनला पहिल्यांदा भीती वाटली. "विचार करा. मी सांगितलं तर काय होईल? शाळेच्या कपाटात दारू, मुख्याध्यापिकेच्या हातात दारू. माझी नोकरी जाईल. शाळेचं अनुदान अडकेल. दोनशे मुलं आहेत इथे. तुमच्या तेजस्वीचं एक वर्ष. एकच वर्ष."

"ते वरीस तिचं हाय. तुमचं नाय."

"आणि दप्तरात मी नाही घातली, मालनताई. मी सांगितलं होतं टांगून ठेवा."

हे खरं होतं. म्हणूनच ते इतकं लागलं. मग तिने विचारलं, "दोरा कुठाय?"

"कुठला दोरा?"

"लाल. बाटलीच्या मानेचा."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. अकरा वर्षांत त्यांनी शंभर वेळा असं पाहिलं असेल, एखादं अक्षर चुकलं की पाहायच्या तसं, समजुतीने. "दोरा नव्हता," त्या म्हणाल्या.

पर्स टेबलावर होती. बाजूच्या कप्प्याची चेन अर्धी उघडी होती. मालनने तिकडे पाहिलं नाही. कुणी आपल्यासमोर उघडं पडलं की आपणच नजर फिरवतो, त्यातला तो प्रकार. ती स्वयंपाकघरात आली आणि भिंतीकडे पाहत बसली. कोळशाची अक्षरं कधीच पुसली गेली होती, पण 'म' तेवढा धुरातून अजून दिसायचा. 'म' मालनचा, मॅडम म्हणाल्या होत्या. तो 'म' मॅडमचाही आहे, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

केरू खिडकीशी आला. "गो, मी पण बघितलंय दोरा. पण माझे आठ महिने उरलेत."

"तू रेघ मार, केरूदादा," ती म्हणाली.

संध्याकाळी ती महिपतकडे गेली. महिपत गुरव, राखणीला देवापुढे गाऱ्हाणं घालायचं काम त्याचं. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी उभ्याने, मोठ्याने बोलणं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून रुकार देणं. एकदा रुकार दिला की ते बोलणं सगळ्यांचं होतं. म्हणून गावात लोक सरकारी कागदावर बिनदिक्कत खोटी सही करतात, पण गाऱ्हाण्यात तोलून बोलतात.

"बाबा, परवा माझं गाऱ्हाणं घाला."

महिपत सुपारी कातरत होता. "काय बोलू?"

तिने सांगितलं. तो बराच वेळ सुपारीच कातरत राहिला. सुपारीचा भुगा झाला.

"राखणदाराला सगळा माहीत हाय गो बाय."

"त्याला माहीत हाय ते मना पण माहीत हाय. माणसांना ऐकवायचं हाय."

"शाळेची राखण ती. चेअरमन सांगतात तेवढंच मी बोलतंय. तुझ्या घरची असती तर तू सांगितलेलं बोललो असतो." तो जरा वेळाने म्हणाला, "रागवू नको हां."

ती रागावली नाही. राग यायला समोर कुणीतरी एक लागतं. इथे जो तो तिला 'बाय' म्हणत होता, चहा पीत होता, आणि हळूच बाजूला होत होता. रेघ दगडापाशी होते तशी.

मंगळवारी रात्री तेजस्वी जेवली नाही. तिने दप्तर रिकामं केलं, आतून पालथं घातलं, धुतलं आणि दांडीवर टाकलं. मालन ते निथळताना पाहत राहिली. आपली हुशारी तिला आठवली: भुईला कुठे काही लागलं नाही. देवाची बाटली टेकू नये म्हणून आपण मुलगी टेकवली.

बुधवारी सकाळी परिपाठ झाल्यावर राखण होती. गुरुवारी दाखला मिळणार होता. मुलं रांगेने पिवळ्या रेघेच्या आत उभी राहिली, शिक्षक बाजूला, संस्थेचे लोक दगडापाशी. दाखला होईपर्यंत तेजस्वी शाळेचीच होती, म्हणून तीही रांगेत होती, शेवटून दुसरी. केरू दुसरी बाटली हात लांब करून घेऊन आला, जणू तिच्यात विंचू होता. तिच्या मानेला नवा लाल दोरा होता. मालनच्या हातात विड्याचं ताट होतं. दर वर्षी ताट तिच्याकडेच असतं. रेघेपर्यंत न्यायचं आणि बापयांच्या हाती द्यायचं, एवढंच. बायका दगडापाशी जात नाहीत. मॅडम रेघेच्या आत, मुलांच्या पुढे उभ्या होत्या. खांद्याला तीच पर्स.

महिपतने नारळ उचलला.

"बा राखणदारा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," दोनशे पोरं एका सुरात ओरडली. त्यांना हा भाग आवडतो.

"आज तुझी लेकरा तुझ्या दारात जमा झालीत..."

"व्हय म्हाराजा."

"साळंचा कार्य हाय, ता सुखरूप पार पाड. लायटी जाव दे नको, कोण पडाय नको, झडाय नको..."

"व्हय म्हाराजा."

"काय चुकला माकला असंल..." इथे महिपत थांबला. त्याने दीपकशेठकडे पाहिलं. दीपकशेठ आकाशाकडे पाहत होते. "ता पदरात घे," महिपतने उरकलं.

"व्हय म्हाराजा."

केरूने बाटली पुढे केली. महिपतने ती घेण्यासाठी हात केला, आणि त्याच वेळी मालन रेघ ओलांडून दगडापाशी गेली. ताट तिच्या हातात तसंच होतं. कुणीतरी "गो, बाय," म्हणालं, पण अडवायला कुणी पुढे आलं नाही. विड्याचं ताट धरलेल्या माणसाला धरायचं कसं, हे कुणाला माहीत नव्हतं. तिने दगडाकडे तोंड केलं. आवाज तिचा तिलाच अनोळखी लागला, पातळ, पण पोचणारा.

"बा राखणदारा म्हाराजा, चुकलं काय ते महिपतबाबांनी सांगितलं नाय. मी सांगतंय."

कुणी रुकार दिला नाही. सड्यावर वारा होता, गॅदरिंगच्या फ्लेक्सची दोरी कशावर तरी आपटत होती.

"सुक्रवारी बाटली सापडली, ती तुझी होती. दोरा बांधलेली. दीपकशेटनी आणलेली."

मधल्या रांगेतून सवयीने दोन-चार आवाज आले, "व्हय म्हाराजा." पाचवीतले असावेत. शिक्षकांनी मागे वळून पाहिलं.

"ती त्यांनी राजश्री मॅडमच्या हातात दिली. मॅडमनी माझ्या हातात दिली. दोरा मॅडमनी काढून घेतला. तो त्यांच्या पर्समधी हाय."

"व्हय म्हाराजा." आता जास्त आवाज होते, आणि ते सवयीचे नव्हते, दहावीची अडतीस पोरं त्यात होती. केरू खाली बघत होता, पण त्याच्या मिशा हलल्या. मॅडमचा हात पर्सच्या कप्प्यावर जाऊन थांबला. मालनला त्यांच्याकडे बघायचं नव्हतं, तरी तिने एकदा पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. तिला वाईट वाटलं. आता त्याचा काही उपयोग नव्हता.

ती पुन्हा दगडाकडे वळली. एवढं बोलून थांबली असती तरी चाललं असतं. लोकांनी तिची बाजू घेतली असती, संध्याकाळपर्यंत सगळा दोष वरच्यांचा झाला असता, आणि ती बिचारी ठरली असती. पण गाऱ्हाण्यात अर्धं बोलून चालत नाही. पाच दिवस ती दुसऱ्यांनी बोलावं म्हणून थांबली होती, आणि पाच दिवस तिची मुलगी तिने बोलावं म्हणून थांबली होती.

"आणि माझ्या पोरीच्या दप्तरात ती मी घातली," मालन म्हणाली. "मी. तिला विचारलं पण नाय. आणि तिच्यावर आली तेव्हा मी गप रायली."

ह्याला काय रुकार द्यायचा? पोरं एकमेकांकडे बघू लागली. महिपत नारळ हातात धरून तसाच उभा राहिला.

मग शेवटून दुसऱ्या जागेवरून एकच आवाज आला, घोगरा, रविवारपासून आईशी न वापरलेला.

"व्हय म्हाराजा," तेजस्वी म्हणाली.